रोग रेड्याला, औषध पखालीला

"तुझं वजन किती?"

मिनिआपोलिसच्या विमानतळातून बाहेर पडून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. मुंबईहून निघाल्याला अख्खा दिवस उलटलेला, पाय सुजलेले, डोळ्यांवर झापड. आणि माझा मामेभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे विचारतोय, वजन किती! प्रवास कसा झाला नाही, घरी सगळे कसे आहेत नाही.

"दादा, असं मुलींना विचारतात का?"

"अगं, शनिवारी बोटीवर जायचंय. कोण कुठे बसणार ते आधी ठरवावं लागतं. बोल लवकर."

"५८ किलो," मी म्हटलं. (तीन किलो ढापले. पासपोर्टवर वजन लिहीत नाहीत हे एक बरं आहे.)

तर मंडळी, ही २०२४ च्या जुलैतली गोष्ट. मिनेसोटा म्हणजे कॅनडाला चिकटलेलं राज्य. थंडीत इथली तळी एवढी गोठतात की लोक त्यांच्यावरून चक्क गाड्या चालवतात. उरलेल्या तीन-चार महिन्यांत मग सगळी कसर भरून काढतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. वॉटर-स्कीइंगही इथलंच, १९२२ मध्ये लेक पेपिनवर सुरू झालेलं. आपल्या ऑफिसात जशी फ्लॅटच्या रेटची चर्चा चालते, तशी इकडे बोटींची चालते. कोथरूडला वाढलेला आणि टिळक टँकवर पोहायला शिकलेला दादा किती दिवस लांब राहणार? ऑफिसातल्या तिघांबरोबर त्यानं एक जुनी बोट घेतली. २००७ चं मॉडेल, २१ फुटी, चौघांत एक. पाव बोटीचा मालक!

आणि या बोटीमागे चालतो तो प्रकार म्हणजे वेकसर्फिंग. समुद्र नाही तर नाही, बोटीनंच लाट तयार करायची आणि बोर्डवर उभं राहून त्या लाटेवर स्वार व्हायचं. दोरी फक्त उठून उभं राहण्यापुरती. लाटेच्या कुशीत ती एक जागा सापडली, की दोरी बोटीत फेकून द्यायची. मग तुम्हाला ओढायला कुणी नाही, लाटच ढकलते. वेग किती? ताशी साडेदहा-अकरा मैल, म्हणजे आपले १७ किलोमीटर. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी रिक्षासुद्धा कधीकधी याहून जोरात जाते. ऐकायला सॉलिड, आणि सोपंही वाटतं. पण खरा फंडा बोर्डवर नसतोच. तो बोटीच्या पोटात असतो, आणि त्याचं नाव आहे वजन.

बोट जितकी जड, तितकी ती पाण्यात खोल बसते. जितकी खोल बसते, तितकं जास्त पाणी बाजूला सारते. तेच पाणी मागे परत एकत्र येताना लाट होते. आता बोटीत कायमचं वजन ठेवलं तर ती ट्रेलरवरून रस्त्यानं कशी नेणार? त्यावर या लोकांनी काढलेला उपाय एवढा साधा आहे की आपल्या आज्जीलाही पटेल. रिकाम्या पिशव्या न्यायच्या, तळ्याचंच पाणी त्यात भरायचं, आणि निघताना ओतून द्यायचं.

शुक्रवारी रात्री गॅरेजमध्ये त्या पिशव्या मांडल्या होत्या. जाड, काळ्या, गाद्यांएवढ्या. दोन मोठ्या, प्रत्येकी ७५० पौंडांच्या. एक लहान, ४०० पौंडांची. पाण्याचं गणित आपल्याकडे सोपं, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे मोठीत ३४० लिटर आणि लहानीत १८० च्या वर. हॉलमधून वहिनीनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "या पखाली पुन्हा काढल्यास का?"

पखाल! मी हा शब्द फक्त म्हणीत ऐकला होता. रेड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लटकवायची ती पाण्याची चामडी पिशवी. वहिनी त्या पिशव्यांना दुसरं काही म्हणतच नाही. बोटीवर ती एकदाच गेली होती. तिला पोहता येत नाही, आणि एकदा बसले तेवढं पुरे, असं तिचं मत आहे. लेकीला मात्र जाऊ देते, दोन अटींवर. एक, लाइफ जॅकेट पाण्यात असताना आणि नसतानाही अंगावरच. (१० वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीवर ते मिनेसोटात कायद्यानंच लागतं, आणि आमची भाची आठ वर्षांची.) दुसरी, इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही. तिथेच धूर साचतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. वहिनी फार्मसिस्ट आहे, तिच्याशी वाद घालायचा नसतो.

पिशव्या बसवणं हे मात्र खरंच बघण्यासारखं काम. मागच्या सीटखाली दोन्ही बाजूंना खोल कप्पे असतात. आधी त्या कप्प्यांतून हात फिरवून एखादा स्क्रू किंवा टोकदार कोपरा वर आलाय का ते बघायचं. ३४० किलो पाणी त्यावर रेलणार, तर पंक्चर व्हायला वेळ लागत नाही. खाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची चटई. त्यावर पिशवी सपाट, भरायचं तोंड वर. मग पट्टे. पट्टे का? तर अर्धवट भरलेली पिशवी वळणावर सरकली, तर तेवढं वजन एका झटक्यात दुसरीकडे जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा काढायची. शेकायच्या रबरी पिशवीत पाणी भरल्यावर आपण ती छातीशी दाबून हवा काढून टाकतो की नाही? डिट्टो तेच. हवा राहिली की पाणी आत डचमळतं, आणि रिकामी करताना पंप हवाच ओढत बसतो. टम्म फुगेपर्यंत भरायचीही नाही, नाहीतर सीटची फळी उचलते. दादाच्या बोटीची एक फळी आधीच तडकलेली होती. कशानं ते मी विचारलं नाही.

भरायचं मात्र पाण्यात उतरल्यावरच. ट्रेलरवर नाही, तो एवढं वजन पेलायला बनवलेलाच नसतो.

शनिवारी सकाळी आम्ही मिनिटोंका तळ्यावर. मिनिआपोलिसच्या पश्चिमेला हे एक अवाढव्य प्रकरण आहे, नुसते फाटे आणि खाड्या. आम्ही सहा जण होतो. दादा, भाची, मी, दादाचा तेलुगू सहकारी, आणि एक स्थानिक जोडपं. त्यातला नवरा सहा फूट चार इंच, त्याचं नाव मी मनातल्या मनात लंबूटांग ठेवलं. पाण्यात उतरल्यावर पंपाचं एक तोंड तळ्यात, दुसरं पिशवीत. मिनिटाला साधारण ५० लिटर, म्हणजे एक मोठी पिशवी सात मिनिटांत. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. भरून झालं की नळी लगेच काढून बूच लावायचं. पिंपातून नळीनं पाणी काढताना ते आपोआप वाहत राहतं ना, तसंच इथेही पिशवी तुमच्या नकळत रिकामी होऊ शकते.

दादा डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, म्हणून लाट डावीकडे हवी. माझंही तेच निघालं. (कसं कळतं? भाचीनं मला मागून अचानक ढकललं. जो पाय आधी पुढे पडतो, तो तुमचा पुढचा पाय. पद्धत शास्त्रीय असेल, पण सभ्य नाही.) तर डावीकडची मागची पिशवी भरली. बोट डावीकडे कलली. आणि आम्ही सगळ्यांनी काय केलं? शहाण्या माणसासारखं उजवीकडे जाऊन बसलो! कललेल्या बाजूला कोण बसणार? लंबूटांग, त्याची बायको, तेलुगू मित्र, कोल्ड्रिंकचा खोका, सगळं उजवीकडे. बोट परत सरळ.

लाट आली ती उतू गेलेल्या दुधासारखी. नुसता फेस. दादा दोनदा पडला.

मग दादा स्टिअरिंगवर आला आणि म्हणाला, "वजन कमी पडतंय."

मंडळी, इथे आपल्या सगळ्यांचाच एक प्रॉब्लेम आहे. प्रोजेक्ट अडकला की आणखी दोन माणसं टाका, आणि मीटिंग फसली की तिच्यावर दुसरी मीटिंग. दादानं उजवी मोठी पिशवीही भरली. आता बोटीचं नाक वर आलं, समोरचं दिसेना. म्हणून नाकातली लहान पिशवीही भरली. बोट मस्त सपाट झाली, आणि खूप खाली गेली. बाजूला हात सोडला तर बोटं पाण्याला लागत होती. मला ते तेव्हा जाम रोमँटिक वाटलं. नाव, तळं, हाताला लागणारं पाणी वगैरे.

पुढची पाळी माझी. उठायचा प्रयत्न केला, नाकातोंडात पाणी गेलं, पडले. मला घ्यायला दादानं बोट झटकन वळवली, आणि माझ्याजवळ येताना वेग एकदम काढून घेतला. मी पाण्यात होते म्हणून पुढचं मला समोरून दिसलं. बोट थांबली. तिनं स्वतःच तयार केलेली लाट मात्र थांबली नव्हती. ती फिरून समोरून आली, नाकाच्या काठावर क्षणभर थबकल्यासारखी वाटली, आणि आत गेली.

नाकात भाची बसली होती.

मला फक्त तिचं पिवळं जॅकेट दिसलं, कमरेपर्यंत पाण्यात. आवाज नाही. मग लंबूटांगनं तिला बखोटीला धरून उचललं आणि मध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे आणून ठेवलं. वजन मागे आलं तसं नाक बोटभर वर आलं. दुसरी लाट आली, पण लहान. ती आत शिरली नाही. बोटीच्या तळातला पंप आपोआप घुरघुरायला लागला. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल. भाची आधी हसली, मग सगळ्यांचे चेहरे बघून हसायची थांबली.

दादानं इंजिन बंद केलं. मला वर घेतलं. काही बोलला नाही. नाकातली पिशवी रिकामी करायला पंप लावला आणि तिच्याकडे बघत बसला. भरायला लागतात साडेतीन मिनिटं. रिकामी करताना ती साडेतीन मिनिटं संपता संपत नाहीत.

तेवढ्या वेळात लंबूटांगनं ड्रायव्हरच्या बाजूची एक छोटी धातूची पाटी अंगठ्यानं पुसली. मी सकाळपासून तिच्याशेजारी बसले होते, वाचली नव्हती. बोट किती माणसं आणि माणसं-सामान मिळून किती वजन पेलेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत २० फुटांखालच्या साध्या मोटारबोटींना ही पाटी सक्तीची आहे. आमची २१ फुटांची असूनही कंपनीनं लावलेली होती. आकडा होता १८०० पौंड, म्हणजे ८१६ किलो. आता बेरीज करा. पिशव्याच ८६१ किलोच्या. बोटीत एकही माणूस बसलं नसतं तरी आम्ही पाटीच्या वर होतो!

दादा सॉफ्टवेअरवाला. घरच्या किराणाचंही त्याचं स्प्रेडशीट असतं. त्यानं फोन काढला आणि सगळ्यांची वजनं मांडायला लागला. स्वतः ८२, लंबूटांग १०४, त्याची बायको ६८, तेलुगू मित्र ७७, भाची २७. मग माझं नाव.

"५८ ना?"

"६१," मी म्हटलं. कुणीही हसलं नाही. बेरीज ४१९. पिशव्या धरून १२८०.

तीन किलोंनी काही होणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी घशात काहीतरी अडकलं.

मग लंबूटांगनं सूत्रं हातात घेतली. लहानपणापासून याच तळ्यावर वाढलेला माणूस, पण सकाळपासून गप्प बसला होता, कारण बोट चालवायची पाळी दादाची. (ही मिनेसोटातली सभ्यता. कोथरूडमध्ये पहिल्याच पिशवीला सहा जणांनी सल्ला दिला असता.) त्यानं उजवी पिशवीही रिकामी करायला लावली. राहिली एकच, डावी मागची, ३४० किलो. आम्ही ४१९. एकूण ७५९. पाटीच्या आत.

"आता सगळ्यांनी डावीकडे बसा," तो म्हणाला.

एवढंच! पाण्याचं वजन बूच काढेपर्यंत हलत नाही, माणसांचं हलतं. मागे जास्त वजन असेल तर लाट उंच, उभी, पण आखूड होते. एखादा माणूस पुढे सरकला की ती जरा उतरते, पण लांब होते. नवशिक्याला लांब लाट बरी. म्हणून त्यानं तेलुगू मित्राला दोन हात पुढे सरकवलं, मागे वळून लाट बघितली, आणखी एक हात सरकवलं. तबल्यावर हातोडी मारून सूर जुळवतात ना, अगदी तसंच. खोकासुद्धा डावीकडे आला.

आणखी दोन गोष्टी. दादा ताशी साडेबारा मैलांनी पळवत होता, तो वेग साडेदहावर आणला. आणि सीटखाली धूळ खात पडलेली एक फळी बाहेर काढली. ही रबरी व्हॅक्यूमनं बोटीला बाहेरून चिकटवायची. गंमत म्हणजे लाट डावीकडे हवी असेल तर ही फळी उजवीकडे लावायची! उजवीकडचं पाणी ती क्षणभर बाहेर ढकलते. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी मागे जरा उशिरा मिळतं, आणि डाव्या लाटेला स्वच्छ व्हायला वेळ मिळतो. २०१३ च्या आसपासपासून नव्या बोटींना हेच काम करणारे झडपे कंपनीच बसवून देते, बटण दाबलं की झालं. त्यांच्यात दोन्हीकडे सारखं वजन चालतं. आमच्या जुन्या बोटीला मात्र कलवल्याशिवाय गत्यंतर नाही. दादाची फळी चिकटत नाही म्हणून त्यानं ती टाकून दिली होती. लंबूटांगनं बोटीची बाजू फडक्यानं पुसली, फळी दाबली, चिकटली.

भाची आता मध्ये बसली होती, आणि नाकात कुणीच नव्हतं.

लाट निघाली ती खरंच लाट होती. निळीशार, काचेसारखी, माझ्या कमरेएवढी. दादानं मला आधी जायला लावलं. मला वाटतं त्याला स्वतःला स्टिअरिंग सोडायचं नव्हतं. चौथ्या वेळेला उठले. दोरी हातातून सैल पडली आणि माझ्या लक्षात आलं, ती मला ओढतच नाहीये. मी दोरी टाकली. ११ सेकंद. भाचीनं मोठ्यानं मोजले, मराठीत! मग मी आपटले. या वेळी दादानं वेग हळूहळू कमी केला, लाट पुढे निघून जाऊ दिली, आणि मोठा वळसा घेऊन माझ्यापर्यंत आला. मी पाण्यात वाट बघत तरंगत होते आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं.

एक मात्र सांगायला हवं. ती काचेसारखी लाट आपण सोडून गेल्यावर संपत नाही, कुणाच्या तरी किनाऱ्याला जाऊन आपटते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेनं हे तळ्यावर जाऊन मोजलं आणि २०२२ मध्ये त्याचा अहवाल काढला. साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी मवाळ व्हायला वेकसर्फच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. आम्ही तळ्याच्या मधोमध होतो. पण सकाळी पाचशे फूट होते की नव्हते, हे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. एका धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेले आजोबा आमच्याकडे बघत होते, आणि हात हलवत नव्हते.

परत निघताना पिशव्या पूर्ण रिकाम्या करायच्या, बोटीचं बूच काढायचं, हे इथे कायद्यानं सक्तीचं आहे. कारण झेब्रा मसल नावाचे शिंपले. २०१० पासून ते मिनिटोंकात आहेत, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. पिशवी कितीही पिळली तरी तळाशी थोडं पाणी राहतंच, आणि त्यातून ती दुसऱ्या तळ्यात जातात. म्हणून दुसरीकडे जायचं असेल तर आधी निदान पाच दिवस सगळं खडखडीत वाळवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या गॅरेजमध्ये त्या दोन मोठ्या पखाली वाळवणाच्या पापडांसारख्या पसरलेल्या होत्या. लहान पिशवी त्यानं घडी करून माळ्यावर टाकली होती.

वहिनीला कुणी सांगायचं, यावर गाडीत आमची चर्चा झाली होती. भाचीनं दारातूनच सांगून टाकलं. वहिनीनं सगळं ऐकलं, पाटीचा आकडा विचारला, बेरीज विचारली. मग दादाकडे बघून म्हणाली, "म्हणजे माणसं चुकीच्या बाजूला बसली होती, आणि तू पाणी भरत होतास. रोग रेड्याला, औषध पखालीला!" आणि आत जाऊन कुकर लावला. बराच वेळ बाहेर आली नाही. दादा दारापर्यंत दोनदा जाऊन परत आला.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही सामान भरत होतो. दादा फोनवर नवं स्प्रेडशीट भरत होता. वहिनी टोपी घालून, जॅकेट आवळून अंगणात आली.

"मी पण येतेय. ती पाटी मला स्वतःला बघायचीय."

दादानं मान वर केली नाही. "वजन?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे.

"६४," ती म्हणाली.

दादानं ६७ लिहिलं.